उद्यमनगरातलं बिनपाटीचं टर्बोचं दुकान आणि माझी थार

गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री साडेनऊला फोन आला. गगनबावड्याच्या वरच्या अंगाला, एका धनगरवाड्यावर म्हैस अडली होती. दुपारपासून कळा देत होती, पण पिल्लू पुढे सरकत नव्हतं. मी जनावरांची डॉक्टर आहे. अशा फोनवर मनात पहिला संशय येतो तो गर्भाशयाला पीळ पडल्याचा, आणि त्यात एक-एक तास मोलाचा असतो. बॅग आणि दोर गाडीत टाकले आणि निघाले.

गाडी २०१६ची थार, सीआरडीई. २४९८ सीसीचं डिझेल इंजिन, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) आणि इंटरकूलरसकट, १०५ हॉर्सपॉवर. पण मला त्यातला हॉर्सपॉवरचा आकडा कधी महत्त्वाचा वाटला नाही. महत्त्वाचा आहे तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर: २४७ न्यूटन-मीटर, तोही इंजिन मिनिटाला १८०० ते २००० फेरे (आरपीएम) घेत असताना. धनगरवाड्याची वाट म्हणजे जांभ्याचा खडक, त्यावर तांबड्या चिखलाची साय आणि मधून वाहणारं पाणी. तिथे जोर हवा असतो तो ह्याच टप्प्यात.

त्या चढाला मी नेहमी फोर-लो (चारी चाकांना जोर, चाल सावकाश), दुसरा गिअर लावते आणि काटा १८०० वर धरून चिखलात शिरते. त्या रात्री तसंच केलं. पण अर्ध्या चढावर नेहमीचा तो धक्का, पाठीला सीट दाबली जाते तो, आलाच नाही. उलट बॉनेटखालून बारीक शिट्टी सुरू झाली, ती वाढत अँब्युलन्सच्या भोंग्यासारखी झाली, आणि आरशात बघते तर मागे काळा धूर. जितका जास्त पाय दाबला तितका धूर वाढला, जोर मात्र नाही. गाडी कडेला दगडाला टेकवून लावली आणि पुढचा दीड किलोमीटर बॅग घेऊन चालत गेले. पीळच होता. म्हशीच्या पोटावर फळी ठेवून, चार माणसांनी तिला लोळवून पीळ सोडवला. रेडी जिवंत निघाली. पण चालण्यात गेलेला पाऊण तास माझ्या डोक्यातून गेला नाही. थोडा आणखी उशीर झाला असता तर रेडी गेली असती, कदाचित म्हैसही.

हे एवढं सविस्तर सांगते, कारण ऑफ-रोडिंग म्हटलं की लोकांना रविवारची हौस आठवते. आमच्या भागात ते पोटापाण्याचं आणि जिवाचं काम आहे. टर्बो चालू आहे की नाही ह्यावर कोणाची तरी म्हैस अवलंबून असते.

आता दुरुस्तीचं. पहिल्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत निकाल मिळाला: टर्बो गेला, नवीन बसवा, मजुरी धरून ३४ हजार. का गेला, ह्यावर उत्तर 'जातातच की' एवढंच. दुसऱ्या एका ठिकाणी ट्यूनिंग करणाऱ्या तरुणाने मोठा टर्बो आणि त्यासोबत कॉम्प्युटरची सेटिंग बदलून १४० हॉर्सपॉवर करून देतो म्हणून सांगितलं. मला मोह झाला. रात्री झोपताना मी त्या १४०चा हिशेब करत होते. मग एका ऊस वाहतूकदाराने, ज्याच्या बैलांना मी कैक वर्षं बघते, मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ह्या दुकानाचा पत्ता दिला. पत्ता म्हणजे खुणा. दुकानाला पाटी नाही. दाराशी जुन्या टर्बोंच्या गोगलगायीसारख्या कवचांची रास आहे, तीच ओळख.

मालकांना सगळे मामा म्हणतात. साठीच्या आसपासचे. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, "ताई, गाडी बंद कशी करताय त्ये सांगा."

मला प्रश्न कळला नाही.

"चढ चढून वर गेलाय. हिकडं म्हस अडलीया. तुमी काय करताय? किल्ली फिरवून पळताय का न्हाई?"

पळत होतेच. सात वर्षं पळत होते.

मग त्यांनी जे समजावलं ते मला कोणत्याही गॅरेजने कधी सांगितलं नव्हतं. टर्बोच्या एका बाजूला धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा, दुसऱ्या बाजूला इंजिनात हवा दाबणारा पंखा, आणि दोघांना जोडणारी एकच शाफ्ट, करंगळीपेक्षाही बारीक. चढावर ही शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेते. इतक्या वेगाला ती बुशवर घासून टिकणारच नाही, म्हणून ती इंजिनाच्याच तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत ठेवलेली असते. किल्ली फिरवली की इंजिन थांबतं, तेलाचा पंप थांबतो, पण शाफ्ट आणखी काही सेकंद फिरत राहते. शिवाय गरम बाजूचं कवच तापलेलं असतं, ती उष्णता हळूहळू मधल्या भागात उतरते आणि अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. तो कोळसा तेलाच्या वाटेत साठत जातो. एक दिवस तेल पोचतच नाही.

टर्बो उतरवल्यावर त्यांनी तेल आणणारा नळीचा बोल्ट माझ्या हातावर ठेवला. आत आरपार भोक असायला हवं. प्रकाशासमोर धरला तर सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला.

हे एक कारण. पण मामा तिथे थांबले नाहीत आणि ह्याच गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. त्यांनी हवा दाबणारा पंखा पुसून दाखवला. ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झिजलेल्या. "ही धूळ हाय," म्हणाले. मग एअर फिल्टरचा डबा उघडला. झाकणाची एक क्लिप बसलेलीच नव्हती, तिथून बोट जाईल एवढी फट होती, आणि डब्याच्या आत, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, आमच्या सड्यावरची तांबडी माती पावडरसारखी बसलेली. आधीच्या सर्व्हिसिंगला ज्यांनी झाकण लावलं त्यांनी ते नीट लावलं नाही, आणि मीही कधी बघितलं नाही. उन्हाळाभर ती धूळ लाखाच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळत होती. लेथवर एमरी पेपर धरल्यासारखंच ते.

तिसरी गोष्ट इंटरकूलरच्या रबरी नळीची. टर्बोने दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती इंजिनात जायच्या आधी इंटरकूलरमध्ये थंड करतात. त्या नळीचा क्लॅम्प सैल होता आणि जोडाच्या खालच्या बाजूला तेलाचा ओलसर डाग होता. म्हणजे दाबलेली हवा वाटेतच निसटत होती. इंजिनाला डिझेल पुरेसं, हवा कमी. अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागून बाहेर. आणि कमी पडलेला दाब भरून काढायला बिचारा टर्बो आणखी जोरात फिरत होता. ती शिट्टी त्याचीच.

माझ्या धंद्यात ताप आला की तापाचं इंजेक्शन मारून मोकळे होणारे असतात, आणि गोचीड शोधणारेही असतात. मामा दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या गॅरेजने नवीन टर्बो बसवला असता तर तो त्याच बंद बोल्टवर, त्याच फटीच्या धुळीत चालला असता. किती महिने टिकला असता ते सांगायला मेकॅनिक लागत नाही.

काम कसं झालं तेही सांगते, म्हणजे तुम्ही कुठेही टर्बो खोलायला दिलात तर काय बघायचं ते कळेल. त्यांनी पूर्ण टर्बो बदलला नाही. दोन्ही कवचं शाबूत होती. मधला कोअर, म्हणजे शाफ्ट, पंखे, बुश, सील ह्यांचा संच, तेवढा नवीन घातला. बसवायच्या आधी मला शाफ्ट हलवून बघायला लावली. वर-खाली किंचित हलते, ते चालतं. ती जागा तेल भरून काढतं. पण आत-बाहेर, ज्याला ते एंड प्ले म्हणतात, त्या दिशेला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही हालचाल चालत नाही. माझ्या जुन्या कोअरमध्ये ती बोटांना कळत होती. त्यानंतर नवीन कोअर बॅलन्सिंग मशीनवर चढवला. तयार आलेला कोअर असूनही. मशीनच्या स्क्रीनवर कंपनाची रेघ एका ठिकाणी उंच गेली, मामांनी शाफ्टच्या टोकाच्या नटाला ग्राइंडरचा हलका स्पर्श दिला, परत फिरवला, परत स्पर्श. तिसऱ्या वेळी रेघ खाली आली. तिथला मुलगा म्हणाला की पुष्कळ ठिकाणी हे करत नाहीत, डब्यातून काढून तसाच बसवतात.

बसवताना तेल परत नेणाऱ्या नळीच्या गॅस्केटला त्यांनी सिलिकॉन लावू दिलं नाही. जास्तीचं सिलिकॉन आत ओघळून नळीत अडकतं आणि तेल तुंबतं, मग ते सीलमधून इंजिनात जातं. इंटरकूलर उतरवून आतून धुतला. मला वाटलं हे वाढीव काम आहे. मामांनी विचारलं, "आतलं त्याल इंजनानं वढलं तर?" डिझेल इंजिन आपलंच तेल इंधन म्हणून ओढायला लागलं की किल्ली बंद करूनही थांबत नाही, वेग वाढतच जातो, आणि शेवटी फुटतं. हे मी ऐकून होते, कारण कळलं ते त्या दिवशी. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले, बोल्ट आणि तेलाची नळी नवीन. सगळं जोडल्यावर टर्बोच्या तोंडात हाताने तेल ओतलं, डिझेल तोडून नुसता स्टार्टर फिरवला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मगच इंजिन चालू केलं आणि पाच मिनिटं ॲक्सिलरेटरला कोणाला हात लावू दिला नाही.

मोठ्या टर्बोचा विषय मी काढलाच. १४० हॉर्सपॉवरचा. मामांनी नाही म्हटलं, पण कारणासकट. मोठा पंखा जड असतो, त्याला फिरायला जास्त वायू लागतो, म्हणजे दाब उशिरा तयार होतो. आत्ता १८०० ला मिळणारा जोर २४००-२५०० ला मिळेल. महामार्गावर गंमत येईल. पण चिखलात १५०० वर गाडी मुकी राहणार आणि मग एकदम जोर आला की चारी चाकं जागेवर फिरणार. क्लच, गिअरबॉक्स, हेड गॅस्केट, सगळं १०५च्या हिशेबाने बनवलेलं, हा भाग वेगळाच. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल. गिऱ्हाईक स्वतः मोठं काम मागत असताना त्याला नको म्हणणारा दुकानदार मी फार कमी बघितला आहे.

मग सुपरचार्जर, म्हणजे टर्बोसारखंच इंजिनात हवा दाबणारं दुसरं यंत्र, का नाही, हाही माझा प्रश्न. माझा मामेभाऊ शारजाला असतो, त्याच्या ओळखीतल्या एकाच्या टोयोटा एफजे क्रूझरला सुपरचार्जर आहे. टोयोटाच्याच टीआरडी ह्या शर्यतीच्या गाड्यांच्या विभागाने त्या ४ लिटरच्या व्ही-६ पेट्रोल इंजिनासाठी तो काढला होता. वाळूच्या टेकड्यांवर तो अतिशय गोड चालतो असं भाऊ सांगतो: पाय दाबला की लगेच जोर, वाट बघणं नाही. कारण सुपरचार्जर धुराच्या वायूवर फिरत नाही, तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पट्ट्यावर फिरतो. इंजिन फिरलं की तोही फिरला.

हे ऐकून मामांचा चेहरा उजळला. ते तरुणपणी कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत होते, आणि भट्टीला हवा घालणारा तिथला ब्लोअर म्हणजे ह्या सुपरचार्जरचाच थोरला भाऊ. ते खरंच आहे. दोन कानांचे रोटर एकमेकांत फिरून हवा ढकलतात त्या रचनेचं पेटंट अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये घेतलं, आणि मोटारीच्या कितीतरी आधी ते ब्लोअर भट्ट्यांना हवा देत होते. टर्बो त्या मानाने धाकटा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचं पेटंट १९०५चं. टर्बोचं थोरपण हे की जो वायू धुराड्यातून फुकट जाणार होता त्याच्यातूनच तो काम करून घेतो. सुपरचार्जर मात्र स्वतः फिरायला इंजिनाचीच ताकद खातो. स्वस्त पेट्रोल आणि मोठं इंजिन असलेल्या मुलखात ते परवडतं. माझ्या डिझेल थारला त्याचा तयार संच मिळत नाही, आणि मिळाला तरी पट्टा, पुली, इंधनाची सगळी मांडणी बदलावी लागेल. "आपल्या चिखलाला धुरावरचाच बरा," हा मामांचा निकाल. मला तो पटला.

लॅगबद्दल, म्हणजे पाय दाबल्यापासून टर्बोचा जोर येईपर्यंतच्या उशिराबद्दल, माझं मत मात्र मामांपेक्षा थोडं वेगळं आहे. ते म्हणतात सवय केली की लॅग कळत नाही. मला कळतो. एका सहकाऱ्याची २०२० नंतरची नवी थार मी चालवली आहे, २.२ लिटर डिझेल, १३० हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन-मीटर. तिथे जोर आधी येतो आणि सपाट येतो. माझ्या गाडीत १५००च्या खाली इंजिन खरोखर झोपलेलं असतं. दगडावरून सावकाश उतरत-चढत जायचं असेल तर लो रेंज आणि खालचा गिअर ह्यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते, टर्बोवर नाही.

दुरुस्तीनंतर आता अकरा महिने झाले, गाडी १४ हजार किलोमीटर चालली. पहिल्याच आठवड्यात मुद्दाम त्याच चढावर नेली. काटा १८०० वर, दुसरा गिअर, आणि तो धक्का आला. मागे धूर नाही. आधी लिटरला नऊच्या पुढे न जाणारी गाडी आता अकराच्या वर देते. पूर्वी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये अर्धा-पाऊण लिटर ऑइल भरावं लागायचं, ते मी बाहेरच्या गळतीवर ढकलत होते. आता डिपस्टिकची रेघ हलत नाही. करूळ घाट चौथ्या गिअरवर जमेल तितका चढते. कानाला हलकी शिट्टी येते, पण ती निरोगी आहे. फुफ्फुस ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो फरक कळतो.

एकूण बिल १९,२०० रुपये झालं, ऑइल, फिल्टर, नळ्या सगळं धरून.

आता तक्रारी. तीन दिवस सांगितले होते, सहा लागले, कारण पहिला आलेला कोअर मामांना पसंत पडला नाही आणि त्यांनी परत पाठवला. कारण चांगलं आहे, पण मला कोणी फोन करून सांगितलं नाही. ते सहा दिवस मी भाड्याच्या गाडीने हिंडले आणि दोन वाड्यांवर जाऊच शकले नाही. दुकानात फोन उचलायला माणूस नाही. जिचं काम गाडीवर चालतं तिला हे परवडत नाही, हे मी मामांना तोंडावर सांगितलं आहे. बिल हाताने लिहिलेलं मिळतं. कोअरचा नंबर त्यावर लिहून घ्या, आपणहून लिहीत नाहीत. सहा महिन्यांची हमी तोंडी आहे आणि तीही टर्बो त्यांनीच गाडीवर बसवला असेल तर. नुसता टर्बो खोलून आणून दिलात तर रिपेअर करून देतात, पण हमी नाही. बाहेरच्या गाडीची ऑइलची नळी आणि फिल्टरचा डबा त्यांनी बघितलेला नसतो, म्हणून. ह्यात मला गैर वाटत नाही. बसायला एकच बाकडं आहे आणि पावसात गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते.

मी आता वाड्यावर पोचले की गाडी न्यूट्रलला ठेवते आणि इंजिन चालू सोडते. बॅग उतरवणं, गमबूट चढवणं, हातमोजे काढणं ह्यात मिनिट-दीड मिनिट जातंच. मग किल्ली फिरवते. वाड्यावरची पोरं आता आपणहून सांगतात, "डॉक्टरबाई, गाडी अजून चालूच हाय."

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आधी पोचा, सोमवारी बंद असतं. आणि निघायच्या आधी एअर फिल्टरच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा स्वतः हात लावून बघा. गेल्यावर मामा तेच आधी विचारतात.